बँकॉकचं तिकीट काढलंय? एक दिवस कालव्याकाठी ठेवा

आमच्या वयाच्या, स्वतःच्या पगारातून पासपोर्ट काढलेल्या मराठी मुस्लिम पोरांचा पहिला परदेश दुबई असतो, नाहीतर उमरा. दुसरा हल्ली हमखास बँकॉक. कारणं समजण्यासारखी आहेत. मुंबईहून चार-साडेचार तासांचं विमान. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. लाँग वीकेंडला एक-दोन रजा जोडल्या की चार दिवस सहज निघतात. तरीही घरी 'बँकॉकला जातोय' हे सांगताना जीभ अडखळते. मित्र डोळा मारतात, अम्मी गप्प होते, आणि मशिदीबाहेर भेटलेले चाचा विचारतात, "ऑफिसच्या कामाला ना?"

या शहराची ती ख्याती खोटी नाही. पण ती ठरावीक गल्ल्यांची ख्याती आहे. त्यातल्या एका भागाचं नाव 'नाना'. हे नाव ऐकून आपल्याकडचे कुणी नाना आठवले तर फार चुकलं असं नाही. गुजरातमधून तिकडे गेलेल्या एका मुस्लिम व्यापारी घराण्याचं ते आडनाव, आणि परिसराला त्यांच्यावरूनच नाव पडलं. आज तिथे एका बाजूच्या गल्लीत अरबी हॉटेलं, अत्तराची दुकानं आणि हुक्क्याचा धूर. मोठा रस्ता ओलांडला की बार. डोळा मारणारे मित्र आणि गप्प होणारी अम्मी या दोघांच्याही डोक्यात बँकॉक म्हणजे त्या रस्त्याची पलीकडची बाजू असते.

सध्या आमच्या सहा जणांच्या ग्रुपचं जानेवारीतलं नियोजन चाललंय. त्यातले तिघं बायकोसोबत येणार. मी आधी ऑफिसच्या कामाने दोन आठवडे तिथे राहून आलोय, म्हणून एक्सेल शीट माझ्या गळ्यात. एका मित्राने ओळखीच्या एजंटकडून 'हलाल पॅकेज' मागवलं. ते वाचून मला हा लेख लिहावासा वाटला. चार दिवसांत आठ जेवणं, आठही भारतीय हॉटेलांत. मधल्या वेळात पट्टायाचं बेट, सफारी पार्क, हिऱ्या-माणकांचं दुकान, मॉल. हॉटेलच्या खोलीत किब्ल्याचा बाण आहे, हे ठळक अक्षरांत. बँकॉकमध्ये दीडशेहून जास्त मशिदी आहेत. त्या पॅकेजमध्ये एकही नव्हती. मी विचारलं तर एजंट म्हणाला, "सर, टायमिंग बसत नाही."

हलाल पर्यटन नावाच्या धंद्याशी माझं भांडण इथे आहे. त्याला आपलं पोट दिसतं, आपला खिसा दिसतो, आपण दिसत नाही. एखाद्या शहरात आपल्यासारखेच अल्पसंख्य असलेले मुसलमान दोन-तीनशे वर्षं कसे राहिले, कशासाठी भांडले, काय मिळवलं, काय गमावलं, यात आपल्याला रस असेल हे त्या धंद्याच्या डोक्यातच येत नाही. आणि आपणही तसेच वागतो. ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो, "भाई, उधर मुसलमान है क्या?" आहेत. देशाच्या लोकसंख्येत साधारण पाच टक्के.

आधी जेवणाची काळजी मिटवून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. थायलंडमध्ये हलाल प्रमाणपत्राची व्यवस्था पक्की आहे. ते तिथली केंद्रीय इस्लामी परिषद देते आणि चौकोनी शिक्का बिस्किटाच्या पुड्यापासून नूडल्सच्या कपापर्यंत सगळीकडे दिसतो. चुलालाँगकॉर्न विद्यापीठात हलाल विज्ञान केंद्र आहे. पदार्थात डुकराची चरबी किंवा जिलेटिन आहे का, हे तिथे प्रयोगशाळेत तपासतात. ते उभं करणारे डॉ. विनय दहलान हे अहमद दहलान यांचे नातू. म्हणजे १९१२ साली इंडोनेशियात योग्यकार्ता इथे 'मुहम्मदिया' ही चळवळ सुरू करून शाळा-दवाखान्यांचं जाळं विणायला घेणाऱ्या माणसाचे नातू. आजोबांनी शाळा काढल्या, नातवाने लॅब काढली. अशी घराणी बघितली की मला आपल्याकडच्या जलशांच्या खर्चाची आठवण येते, पण तो विषय वेगळा.

रस्त्यावरच्या गाड्यांवर मात्र शिक्का नसतो. तिथे हिरवी पाटी, चांदतारा किंवा अरबी अक्षरं शोधा. 'चिकन आहे ना' एवढं विचारून भागत नाही. त्याच कढईत आधी काय परतलं होतं, हा खरा प्रश्न. 'आहान मुस्लिम' असं विचारलं की कुणीही बोट दाखवतं. या 'आहान'मध्ये आपला 'आहार' आहे, कारण थाई भाषेने संस्कृत-पालीतून शब्द पोत्याने उचललेत. तुम्ही उतराल त्या विमानतळाचं नावसुद्धा 'सुवर्णभूमी'. खायचंच तर खाओ मोक घ्या, ती तिकडची बिर्याणी, हळदीच्या पिवळ्या भातावर कोंबडीचा तुकडा आणि सोबत हिरवी आंबट-गोड चटणी. बैलाच्या शेपटीचं आंबट सूप घ्या. मस्समन करी घ्या, तिच्या नावातच 'मुसलमान' आहे असं मानतात. बँकॉकला जाऊन आठ वेळा बटर चिकन खाणाऱ्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं.

मुक्कामासाठी माझं मत फेचाबुरी रस्त्याच्या बाजूने. राचथेवी या स्टेशनजवळ सोई ७ नावाची गल्ली आहे ('सोई' म्हणजे गल्ली). तिथे दारुल अमान मशीद आहे आणि मशिदीच्या अंगाने खाण्याच्या मुस्लिम गाड्या. फजरला चालत जाता येतं. एक सूचना आमच्यासारख्या हनफींना: तिथले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, त्यामुळे असरची अजान आपल्या सवयीपेक्षा बरीच आधी होते. आमच्या ग्रुपमधला चिपळूणचा मित्र मात्र खूश आहे. आमीन मोठ्याने, फजरमध्ये कुनूत, सगळं त्याच्या गावच्या मशिदीसारखं. कोकणी मुसलमानाला बँकॉकच्या जमातीत जे घरच्यासारखं वाटतं, ते त्याला कधीकधी पुण्यात वाटत नाही, असं तो म्हणतो.

या मुक्कामाचा खरा फायदा वेगळाच आहे. तिथून थोडं दक्षिणेला चालत गेलं की सेन सेप कालवा लागतो आणि त्याच्या काठावर बान ख्रुआ ही वस्ती. समोरच्या तीरावर जिम थॉम्पसनचं घर आहे. सगळे पर्यटक तिथे रांगा लावतात. थॉम्पसन हा अमेरिकन माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर बँकॉकमध्ये राहिला, त्याने थाई रेशीम जगभर विकलं आणि १९६७ साली मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये फिरायला गेला तो परत आलाच नाही. त्याच्या गूढ कथेत लोकांना रस असतो. ते रेशीम विणत कोण होतं? कालव्यापलीकडचे बान ख्रुआचे मुसलमान. हे चाम लोक. त्यांचे पूर्वज कंबोडियाकडून आले, ब्रह्मदेशाविरुद्धच्या लढायांत सयामी सैन्यातून लढले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या रामा राजाने त्यांना ही जमीन दिली. तिकीट काढून घर बघणाऱ्यांपैकी किती जण पूल ओलांडतात, हे मी एका दुपारी बसून पाहिलं. मी होतो तेवढ्या वेळात दोन, आणि त्यातला एक रस्ता चुकलेला.

मी मालेगावचा. आमचे बापजादे १८५७ नंतर उत्तरेतून खाली आलेल्या मोमिनांपैकी. दादा हातमागावर बसायचे, अब्बांनी पॉवरलूम चालवला, मी लॅपटॉप चालवतो. त्यामुळे बान ख्रुआच्या अरुंद बोळात एका घरातून मागाचा आवाज आला तेव्हा मला वाट विचारावी लागली नाही. आता तिथे विणकाम जवळजवळ संपलंय, एखाद-दुसऱ्या घरात माग उरलाय. पण मला सांगायचंय ते रेशमाबद्दल नाही. ते एका न झालेल्या रस्त्याबद्दल आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस द्रुतगती मार्गाला जोडणारा एक रस्ता या वस्तीतून काढायचं ठरलं. शेकडो घरं जाणार होती. शहराच्या मधोमध, मॉलच्या शेजारी असलेल्या गरीब वस्तीचं काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. बान ख्रुआच्या लोकांनी नकार दिला. त्यांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले, सरकारी कचेऱ्यांसमोर बसले, आणि हा रस्ता नेमका कुणाच्या फायद्याचा हा प्रश्न लावून धरला. मशीद त्यांच्या संघटनेचं केंद्र होती, पण लढा मशिदीच्या नावाने नव्हता. वस्तीतले बौद्ध शेजारीही त्यात होते. आगी लावून वस्ती रिकामी करतील या भीतीने लोकांनी रात्रीची गस्त घातली. १९९३ साली या प्रकल्पावर जाहीर सुनावणी झाली. थायलंडमधल्या अशा अगदी सुरुवातीच्या सुनावण्यांपैकी ती एक. निष्कर्ष रहिवाशांच्या बाजूने लागला. तरीही सरकारने प्रकल्प लगेच सोडला नाही, आणि लोकांनीही रस्त्यावर उतरणं सोडलं नाही. पुढे अनेक वर्षं हे चाललं. तो रस्ता आजतागायत झालेला नाही.

थम्मासात विद्यापीठातले चैवत सथा-आनंद हे थाई मुस्लिम अभ्यासक अहिंसेवर आयुष्यभर लिहीत राहिले. 'द नॉनव्हायोलंट क्रेसेंट' या त्यांच्या निबंधातला युक्तिवाद थोडक्यात असा: अन्यायापुढे गप्प बसणं इस्लामला मान्य नाही, आणि आजच्या शस्त्रांच्या काळात निरपराधांचा जीव वाचवायचा तर मुसलमानाचा लढा अहिंसकच असायला हवा. हा निबंध वाचायचा राहिला असेल तर विमानात वाचा. बान ख्रुआला पोचलात की तो विचार पुस्तकातून बाहेर पडून कठड्यावर चहा पीत बसलेला दिसतो.

त्या कठड्यावर माझी एका म्हाताऱ्या गृहस्थांशी गाठ पडली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांची नात दुभाषी झाली. त्यांनी विचारलं, भारतात मुसलमान किती? मी २०११ च्या जनगणनेचा आकडा सांगितला, सतरा कोटींच्या वर. नातीने दोनदा विचारून खात्री केली, कारण त्यांच्या सगळ्या देशाची लोकसंख्या याच्या निम्मीही नाही. मग म्हातारबाबांचा पुढचा प्रश्न: "तुमचा चुलाराजमंत्री कोण?"

चुलाराजमंत्री म्हणजे तिथला शेखुल इस्लाम, देशातल्या मुसलमानांचा अधिकृत प्रमुख. नावात आपला 'राजमंत्री' आहेच. हे पद अयुथ्याच्या काळापासून चालत आलंय. इराणातल्या कुम शहरातून सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेले शेख अहमद हे व्यापारी राजदरबारात मोठे अधिकारी झाले आणि हे पद पहिल्यांदा त्यांच्याकडे आलं. ते शिया होते, आणि पुढची तीनेकशे वर्षं पद त्यांच्याच वंशात राहिलं. मुसलमान बहुसंख्येने सुन्नी असूनही पहिला सुन्नी चुलाराजमंत्री १९४५ साली झाला. त्यांच्याच वंशाची एक शाखा बौद्ध झाली. ते बुन्नाग घराणं एकोणिसाव्या शतकात देशातलं सर्वांत ताकदवान सरदार घराणं होतं.

मी बाबांना म्हणालो, आमच्याकडे असा कुणी नाही. त्यांना माझी कीव आली. मला मात्र हायसं वाटलं. राजाच्या शिक्क्याने नेमलेला प्रमुख सरकारला सोयीचा असतो. त्याच्याशी एकदा बोललं की सगळ्या मुसलमानांशी बोलल्यासारखं होतं. आपल्याला तो नको. पण त्याच व्यवस्थेतली तळाची पायरी मला हवीहवीशी वाटली. तिथे १९९७ चा एक कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक नोंदणीकृत मशिदीला सभासदांची यादी असते, आणि मशिदीची कमिटी हे सभासद निवडून देतात. त्या सभासदाला कायद्यात शब्द आहे 'सप्पुरुत'. म्हणजे आपला सत्पुरुष. आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे ट्रस्टी कोण, ते कधी बदलले, हिशोब कुठे लागतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? वक्फवरून आपण टीव्हीसमोर तावातावाने बोलतो. मोहल्ल्यातल्या हिशोबाबद्दल बोललं की 'फितना' होतो.

ग्रुपमधल्या बायकांचा मुद्दा वेगळा होता आणि तो रास्त होता. त्यांना हवं होतं ते एवढंच की दिवसभर फिरताना नमाजची वेळ झाली तर पुरुषांनी आत जायचं आणि त्यांनी बाहेर चपला सांभाळत बसायचं, हे होऊ नये. बँकॉकमध्ये ती अडचण फारशी येत नाही. मशिदीत बायकांसाठी पडद्याआड का होईना जागा असते, वजूची सोय असते, आणि लटकवून ठेवलेले पांढरे नमाजचे झगे असतात. मोठ्या मॉलमध्ये आणि विमानतळावर नमाजच्या खोल्या आहेत. माझी बायको हे ऐकून म्हणाली, "म्हणजे जुहरची नमाज मशिदीत पढायला मला पासपोर्ट लागतो." यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे थोनबुरीच्या बाजूला जा. भूमिगत मेट्रोने इत्सराफाप स्टेशनला उतरलं की बांकॉक याई कालव्याचा परिसर पायी हिंडता येतो. कालव्याच्या मुखाशी तोनसोन मशीद आहे, शहरातली सगळ्यात जुनी, बँकॉक राजधानी होण्याच्या आधीची. तिच्यापासून जवळ बांग लुआंग मशीद. ही शोधताना तुम्ही तिच्यासमोरून एकदा पुढे निघून जाल, कारण तिला मिनार नाही, घुमट नाही. पांढऱ्या भिंती, उतरतं हिरवं छप्पर, दर्शनी त्रिकोणावर चुन्याची फुलापानांची नक्षी. थेट थाई देवळाच्या घाटाची इमारत. खांब तीस, कुरआनचे तीस पारे म्हणून, असं सांगतात. याच भागात पोर्तुगीज वंशाच्या कॅथलिकांचं सांताक्रूझ चर्च आहे, चिनी देऊळ आहे, वाट कल्याणमित हा मोठा बौद्ध विहार आहे. सगळं चालण्याच्या अंतरात.

घुमट-मिनार नसेल तर ती मशीद कसली, असं वाटणाऱ्यांनी बांग लुआंगच्या सावलीत दोन रकात पढून बघाव्यात. ज्या गावचे गवंडी, त्या गावची मशीद. आपल्या कोकणातल्या जुन्या कौलारू मशिदी अशाच होत्या. आता त्या पाडून काँक्रीटचे घुमट चढवायची चढाओढ लागलीय, आणि पैसा बहुतेक आखातातून आलेला असतो.

वाट अरुण तिथून जवळच आहे. जावं का? माझं मत, जावं. बघणं म्हणजे पूजा करणं नव्हे. खांदे-गुडघे झाकलेले कपडे लागतात, आणि तेवढे तर आपल्या अंगावर असतातच.

इथवर वाचून थायलंड म्हणजे अल्पसंख्यांचा स्वर्ग असं वाटलं असेल, तर कालव्याकडे परत या. सेन सेप कालवा १८३७ ते १८४० या काळात खणला गेला. तो खणण्यात दक्षिणेतल्या पत्तानीहून युद्धकैदी म्हणून आणलेल्या मलय मुसलमानांचे हात लागले असं सांगतात. पत्तानी हे वेगळं मलय राज्य होतं. सयामने ते १७८६ मध्ये जिंकलं आणि लोकांना उचलून बँकॉकच्या भोवती वसवलं. आजच्या बँकॉकमधले कित्येक मुसलमान त्या कैद्यांचे वंशज आहेत. ते आता थाई बोलतात आणि थाई म्हणवतात. जे मागे पत्तानी, याला, नराथिवातमध्ये राहिले, ते मलय बोलतात, आणि त्यांची गोष्ट वेगळी झाली. १९४७ मध्ये हाजी सुलोंग यांनी सरकारपुढे सात मागण्या ठेवल्या, त्यात मलय भाषेला थाईसोबत स्थान द्या ही एक होती. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. १९५४ मध्ये ते बेपत्ता झाले. २८ एप्रिल २००४ ला हल्लेखोर क्रू से मशिदीत शिरले तेव्हा सैन्याने आतल्या ३२ जणांना ठार केलं. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला, रमजानमध्ये, ताक बाय इथे निदर्शकांना हात मागे बांधून ट्रकमध्ये एकावर एक रचलं. त्यात ७८ जण गुदमरून, चिरडून मेले. गोळीबारातले धरून ८५. वीस वर्षांची कायदेशीर मुदत २०२४ मध्ये संपली. एकही आरोपी कोर्टासमोर उभा राहिला नाही.

आणि २००६ मध्ये ज्या सेनापतीने सत्तापालट केला, ते जनरल सोन्थी मुसलमानच होते. सुरिन पित्सुवान हा दक्षिणेतल्या मदरशाच्या घरातला मुलगा परराष्ट्रमंत्री झाला, आसियानचा महासचिव झाला. वान मुहम्मद नूर मथा दोनदा संसदेचे सभापती झाले. 'आपला माणूस वर असला की सगळं ठीक होईल' असं मानणाऱ्यांनी ही नावं आणि ताक बायची तारीख शेजारी-शेजारी ठेवून बघावी. खुर्चीवर मुसलमान होते. ट्रकमध्येही मुसलमान होते.

बँकॉकच्या मुसलमानाला 'चांगला मुसलमान' म्हणतात आणि पत्तानीच्या मुसलमानाकडे संशयाने बघतात. फरक श्रद्धेचा नाही. भाषेचा आहे, आणि आपण कोण हे सांगण्याच्या हट्टाचा. हे वाक्य लिहिताना मला ऑफिसमधला नेहमीचा प्रश्न आठवतो: "अरे, तू मराठी किती छान बोलतोस!" कौतुकच असतं ते, बोलणारा मनाने वाईट नसतो. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या जोशीला हे कौतुक कुणी करत नाही. मी मराठी बोलतो म्हणून चांगला ठरलो, तर भिवंडीतल्या माझ्या चुलतभावाचं काय, ज्याला उर्दूच येते आणि जो माझ्याइतकाच इथला आहे? बान ख्रुआतल्या त्या नातीला मी विचारलं, तुलाही कुणी विचारतं का, तू थाई आहेस का म्हणून? ती हसली. म्हणाली, "डोक्यावर स्कार्फ असला की विचारतात. मी थाईत उत्तर दिलं की गप्प होतात." मग थोडं थांबून म्हणाली, "पत्तानीच्या माझ्या मैत्रिणीचं थाई ऐकून मात्र आणखी विचारतात."

चार दिवसांच्या सहलीत हे सगळं कुठे बसवायचं, असं ग्रुपवर एकाने लिहिलं. बसतं. चातुचाकचा बाजार शनिवार-रविवारी बघा, नदीतली बोट घ्या, मॉल तर चुकवू म्हटलं तरी चुकत नाहीत. तिकीट असं काढा की एक शुक्रवार शहरात मिळेल. त्या दिवशी चारोएन क्रुंग रस्त्याजवळच्या हारून मशिदीत जुमा पढा. जवळच कॅथलिक कॅथेड्रल आहे, पलीकडे नदीकाठचं महागडं हॉटेल, आणि मध्ये लाकडी घरांची ही मुस्लिम गल्ली. नमाजनंतर तिथेच जेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. एप्रिलच्या उन्हाळ्यात जाऊ नका, मालेगावात राहिलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. १ मे २०२५ पासून विमानतळावर उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटाआधी दूतावासाची साइट एकदा बघा.

कालव्यातल्या बोटी स्वस्त आणि वेगवान आहेत. पाणी काळं आहे आणि वास येतो, तोंडावर शिंतोडे उडतील, काठाच्या बाकावर बसू नका. संध्याकाळनंतर त्या लवकर बंद होतात, म्हणून बान ख्रुआला दुपारीच जा. बोळ जेमतेम खांद्याएवढे आहेत आणि दारं उघडी असतात, तेव्हा मोबाईल खिशात ठेवा. सलाम करा, सलाम येतो. पोरं मागे लागतील, 'इंडिया, इंडिया' करतील. मागाचा आवाज आला तर दारात थांबून विचारा. बहुतेक आत बोलावतात, ताणा कसा भरतात ते दाखवतात, धोटा हातात देतात. एखादा रुमाल घ्यावासा वाटला तर रोख पैसे जवळ ठेवा. आणि सांगतील ती किंमत द्या. घासाघीस मॉलबाहेरच्या बाजारात करा.